अर्ध्या किलोमीटरच्या वाघमोडे मॅडम

नवी गाडी घेतलेल्या माणसाला आमच्या शहरात पेढा खायच्या आधी विचारतात, "किती देते?" वाघमोडे मॅडमना कुणी असं विचारलं की त्या उलट विचारायच्या, "कुठं? कधी? कोणाच्या पायाखाली?" विचारणारा गोंधळायचा. त्याला एक आकडा हवा असायचा, मॅडम तीन द्यायच्या. शहरात एसी लावून साडेअकरा. फर्दापूरच्या रस्त्याला पंधरा. "आणि मी मनासारखी चालवली तर नऊ." हा शेवटचा आकडा सांगताना त्यांना जरासुद्धा लाज वाटायची नाही.

वाळूजकडच्या एका खासगी तंत्रशाळेत आम्ही दोघं शिकवायचो. मी गणित आणि ड्रॉइंग, त्या मोटार मेकॅनिकचं वर्कशॉप. त्या गारखेड्यात राहायच्या, मी पुंडलिकनगरात. सकाळी सात वीसला आमच्या कोपऱ्यावर त्यांची गाडी थांबायची. सात बावीसला मी नसलो तर निघून जायची. अशी आठ वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो.

बुटक्या, अंगानं भक्कम. सुती साडीवर खाकी ॲप्रन, पायात कॅनव्हासचे बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. माहेर फर्दापूरच्या पलीकडं, मेंढरं राखणाऱ्यांचं. भाऊ अजून मेंढरं राखत होते, थोडी कोरडवाहू जमीन होती. घरात शिकलेली ही एकटीच. बोलणं गावचंच राहिलं होतं आणि ते त्यांनी मुद्दाम बदललं नव्हतं. नवे प्राचार्य एकदा म्हणाले, "मॅडम, मुलांसमोर जरा प्रमाण भाषा वापरत चला." मॅडम म्हणाल्या, "इंजिनाला चालती का, ते बघते." तो विषय पुन्हा निघाला नाही.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि शहराचं नाव अजून बदलायचं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच सल्ला दिला, डिझेल घ्या. मॅडमनी फळ्यावरचा खडू उचलला आणि आपलं रोजचं जाणं-येणं मांडून दाखवलं. पन्नास किलोमीटरच्या आत, तेही सिग्नलला थांबत थांबत. "डिझेलचा जादा पैसा वसूल व्हायला मला दोनदा रिटायर व्हावं लागंल," त्या म्हणाल्या. मग कुणी सीएनजी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "डिकीत टाकी बसवली तर सासूबाईंची व्हीलचेअर काय टपावर बांधू?"

शोरूमला मी बरोबर गेलो होतो. त्यांच्या सासूबाईही होत्या. पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी हरलेल्या, पण तोंडानं बिलकूल नाही. विक्रेता मुलगा टाय-बीय लावलेला. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मॅडमना विचारलं, "साहेब येणार आहेत का?"

"साहेब वारून नऊ वर्षं झाली. तुम्ही मला दाखवा."

तो ओशाळला आणि त्यांना एका ऑटोमॅटिक छोट्या गाडीकडं घेऊन गेला. लेडीजसाठी बेस्ट, म्हणाला. मॅडमची नजर कोपऱ्यातल्या गाडीवर होती. मोरपंखी निळी, ठेंगणी, रुंद टायरांची हॅचबॅक. आत टर्बोचं पेट्रोल इंजिन.

"ती परफॉर्मन्स गाडी आहे मॅडम. पोरं घेतात."

"मग बराबर आहे. पोरांना मीच शिकवते."

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत मान घालून पाच मिनिटं पाहिलं. मग माहितीपत्रक उलटवून एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं सतराच्या वरचा आकडा होता.

"हे कुठं काढलं?"

"कंपनीची टेस्ट असते मॅडम. लॅबमध्ये."

"तिथं ऊन किती होतं? एसी लावला होता? मधी म्हैस आली होती का?"

मुलगा हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मी विचारते ते खरंच विचारते. इथल्या रस्त्याला किती देईल?"

"ते चालवण्यावर असतं मॅडम."

"हे आधी सांगायचं होतं. सतरा नंतर."

चालवून पाहायला आम्ही बायपासला गेलो. मॅडमनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दाबली तशी मुलानं वरची कडी पकडली, मी सीटची कड पकडली. मागून सासूबाई म्हणाल्या, "जोरात घे की गं सुमन, का झोपलीस?" गाडी तिथंच ठरली.

परतताना मी विचारलं, "पण मॅडम, ही पिणार. माहीत असून घेताय?"

"माहीत आहे म्हणूनच घेते. मला पळणारी गाडी आवडते, सर. ती किती खाते ते मला खरं कळलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं."

त्यांची मोजायची रीत ठरलेली होती. एकाच पंपावर, सकाळच्या गारव्यात, नोझल पहिल्यांदा 'टक' करून थांबेपर्यंत टाकी भरायची. त्यावर एक थेंब नाही. किलोमीटरचा काटा शून्यावर. पुढच्या वेळी पुन्हा तसंच भरायचं, पळालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागायचं. डॅशबोर्डवर गाडी स्वतःच आकडा दाखवायची. त्यावर त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावून टाकली होती. "ही स्वतःची तारीफ स्वतःच करती," म्हणायच्या. खरा आकडा अंबाड्यातली पेन्सिल काढून समोरच्या सनव्हायजरवर लिहायच्या. एक टाकी त्या मानायच्या नाहीत. तीन टाक्या झाल्या की बोलायच्या.

भारी पेट्रोलचंही तसंच झालं. ड्रॉइंगच्या वर्गातली पोरं सांगायची की टर्बोला महागडं पेट्रोलच लागतं. वर्कशॉपमधली म्हणायची, ते सगळं थोतांड. मॅडमनी दोन्ही तीन-तीन टाक्या वापरून पाहिली. शहरात काही फरक नाही. मे महिन्यात चार माणसं घेऊन अजिंठ्याचा घाट चढताना मात्र इंजिन मोकळं ओढायचं, खटखट नाही. तेव्हापासून शहरात साधं, माहेरच्या खेपेला भारी. "दोन्हीकडची पोरं अर्धी-अर्धी पास," त्यांनी निकाल दिला.

पहिल्या उन्हाळ्यात ती निळी गाडी निळी राहिली नाही. आमच्याकडं आठ दिवसांनी नळाला पाणी यायचं, तेही तासभर. मॅडमनी ठरवलं, पाऊस पडेपर्यंत गाडी धुवायची नाही. काचा आणि दिवे तेवढे ओल्या फडक्यानं पुसायचे. त्यांच्या शेजारी एक बांधकाम व्यावसायिक होते. त्यांची मोठी पांढरी गाडी ड्रायव्हर रोज सकाळी बोअरच्या पाइपनं धुवायचा आणि पाणी वाहत मॅडमच्या फाटकापर्यंत यायचं. चार दिवस त्यांनी पाहिलं. पाचव्या दिवशी मी कोपऱ्यावर वाट पाहत राहिलो, गाडी आलीच नाही. चालत त्यांच्या गल्लीत गेलो तर मॅडम त्या पाण्यात घागर लावून बसलेल्या. ताटलीनं पाणी घागरीत भरत होत्या. शेजारीण, समोरच्या दोघी-तिघी, सगळ्या आपापली भांडी घेऊन येऊन बसल्या होत्या. बांधकामवाले गॅलरीत आले.

"अहो मॅडम, हे काय? पाहिजे तर पाइप देतो ना."

"नको. तुमचं चालू द्या. आम्ही खालचं घेतो."

 ड्रायव्हरनं पाइप बंद केला. त्या उन्हाळ्यात तो पुन्हा सुरू झाला नाही. त्या दिवशी आम्हाला पंचवीस मिनिटं उशीर झाला आणि हजेरीपटात नावासमोर मॅडमनी कारण लिहिलं, 'पाणी भरत होते.'

आता पंपाची गोष्ट. ती सांगताना मला माझंही सांगावं लागेल.

तिसऱ्या वर्षी मॅडम रोजच्या वाटेवरच्या एका नव्या पंपावर जायला लागल्या. शहर तिकडं वाढत होतं. जिथं ज्वारीची रानं होती तिथं चार महिन्यांत दुकानं, मंगल कार्यालयं आणि हा पंप. पंप आमच्या संस्थेच्या एका संचालकांचा होता. नाव सांगत नाही, सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणायचे. संस्थेच्या बसही तिथंच भरायच्या.  तीन टाक्यांनंतर एका सकाळी मॅडमनी सनव्हायजर खाली ओढून मला दाखवलं. साडेअकराचं अकरा झालं होतं.

"अर्धा किलोमीटर तर आहे मॅडम," मी म्हणालो.

"अर्धा किलोमीटर चालत जाऊन बघा, सर, डोक्यावर हंडा घेऊन."

त्यांनी टायरची हवा तपासली, एअर फिल्टर बदलला, प्लग काढून पाहिले. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "ही गाडी पितेच मॅडम." स्टाफरूममध्ये तर हशाच झाला. परफॉर्मन्स गाडी घ्यायची आणि अर्ध्या किलोमीटरसाठी रडायचं. तेव्हाच कुणीतरी त्यांना 'अर्ध्या किलोमीटरच्या मॅडम' हे नाव ठेवलं. मॅडमनी पुढच्या तीन टाक्या जुन्या पंपावर भरल्या. आकडा पुन्हा साडेअकरावर आला.

"गाडी पीत नाय," त्या मला म्हणाल्या. "कोणीतरी पाजत नाय."

त्या शनिवारी आम्ही दोघं सकाळी त्या पंपावर गेलो. टाकी भरली, पैसे दिले आणि मॅडम नोझलवरच्या मुलाला म्हणाल्या, "आता याच नोझलनं पाच लिटरचं माप भरून दाखव." कुठल्याही गिऱ्हाइकाला ते मागता येतं, पंपावर ते माप ठेवावंच लागतं. मुलगा म्हणाला, माप आत आहे. आतून निरोप आला, किल्ली मॅनेजरकडं आहे. मॅनेजर बाहेर गेलेत. मॅडमनी गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. गाडी नोझलसमोर तशीच उभी.

"येऊ द्या त्यांना. मला घाई नाय."

मागं रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. एक रिक्षावाला उतरून आला. "क्या हुआ मॅडम, गाडी बंद पडी क्या?"

"गाडी चालू आहे, भैया. माप बंद पडलंय."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो मागं जाऊन बाकीच्यांना सांगायला लागला आणि हॉर्न थांबले. सव्वा तासानं मॅनेजर आला, माप आलं. मॅडमनी त्यावरचा सरकारी शिक्का वाकून वाचला, आत आधीचं पेट्रोल उरलं नाही ना ते हात घालून पाहिलं, मग सपाट जागी ठेवायला लावलं. यंत्रावर पाच लिटर पुरे झाले. मापात पेट्रोल खुणेच्या बरंच खाली.

"फेस आहे मॅडम," मॅनेजर म्हणाला.

"बसू द्या."

दहा-बारा माणसं मापाभोवती उभी राहिली. पेट्रोल शांत झालं, आरशासारखं. दोनशे मिलिलिटर कमी.

"बसला फेस," मॅडम म्हणाल्या. "आता बोला."



मॅडमनी वजनमापे खात्याकडं तक्रार लिहायला घेतली. सोमवारी अण्णासाहेबांनी मला बोलावून घेतलं. चहा दिला. माझ्या घराचं काम कुठवर आलं विचारलं. संस्थेच्या पतपेढीचा हप्ता वेळेवर मिळतोय ना, तेही विचारलं. मग म्हणाले, "तांगडे सर, तुम्ही गणिताचे. अंदाजानं बोलत नाही तुम्ही. त्या दिवशी तुम्हाला काही नीट दिसलं नसेल." मी चहा संपवला. तपासणीला अधिकारी तीन आठवड्यांनी आले तेव्हा नोझल अगदी बरोबर माप देत होतं. रिक्षावाल्यांची नावं कुणाला माहीत नव्हती. मॅडमच्या अर्जावर साक्षीदाराची एक सही असती तर पुढची चौकशी झाली असती. माझी सही नव्हती. 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं पत्र आलं.

पत्र आल्यावर दुसऱ्या सकाळी मला कोपऱ्यावर जावंसं वाटत नव्हतं. सात वीसला गाडी थांबली. मी बसलो. महावीर चौक आला. मग त्या म्हणाल्या, "तुमचं घर अर्धं उभं आहे, सर. मला कळतं." त्यांनी चिडून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. गाडीतून उतरावं असं वाटलं, उतरलो नाही. दुसऱ्या दिवशी सात वीसला गाडी पुन्हा आली.

पत्राला मॅडमनी उत्तर दिलं नाही. त्या शनिवारी त्या पुन्हा पंपावर गेल्या. पाच लिटरचं माप मागितलं, भरून घेतलं, खूण पाहिली, ते पेट्रोल स्वतःच्या टाकीत ओतून पैसे दिले. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मॅनेजरनं हात जोडले, "मॅडम, तपासणी झालीय ना आता?"

"व्हय. झालीय. मी कुठं तक्रार करते? मी तर गिऱ्हाईक आहे."

महिन्याभरात रिक्षावाल्यांना कळलं की शनिवारी सकाळी या पंपावर पेट्रोल पुरं मिळतं. मॅडमच्या मागं दहा-दहा रिक्षा लागायला लागल्या. एकदा त्यांना ताप होता, त्या गेल्या नाहीत. त्या सकाळी कुणा रिक्षावाल्यानं स्वतःच माप मागितलं. दिलं नाही तशी पाच-सहा जणांनी रिक्षा नोझलसमोर आडव्या लावल्या. "मॅडम नै आयी तो क्या हुआ, माप तो है ना?" पंपावर पुढं रोजच पुरं मिळायला लागलं. मी हे ऐकीव सांगत नाही. मॅडमच्या सनव्हायजरवर साडेअकरा दिसायला लागलं होतं.

अण्णासाहेबांनी ते विसरायचं ठरवलं नव्हतं. नव्या सत्रात मॅडमकडून वर्कशॉप काढून घेतलं आणि त्यांना ग्रंथालय दिलं. तिथं पुस्तकं कमी, धूळ जास्त. मॅडम चावी घेऊन गेल्या, आठ दिवसांत कपाटं लावली. मग दुपारच्या सुट्टीत पार्किंगमध्ये, कडुनिंबाखाली स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून उभ्या राहायला लागल्या. पहिल्या दिवशी दोन मुलं आली. आठवड्यानं पंचवीस. प्राचार्य येऊन म्हणाले, "मॅडम, याला परवानगी नाही."

"सुट्टीत मी माझी गाडी बघते. पोरं बघतायत, त्यांना मी काय करू?"

दोन वर्षं तो वर्ग कडुनिंबाखाली भरला. शेवटी मोटार मेकॅनिकचे निकाल इतके घसरले की संस्थेनं वर्कशॉप परत दिलं. मॅडमनी ॲप्रन घातला आणि व्हाइसच्या लोखंडी जबड्यांवर बसलेला गंज घासायला घेतला.

उसापासून काढलेलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सगळीकडं आलं तेव्हा त्या निवृत्तीच्या जवळ आल्या होत्या. पुन्हा एका वर्षी पावसानं दगा दिला होता. स्टाफरूममध्ये दोन तट. एक म्हणायचा गाडी सडणार, दुसरा म्हणायचा काही होत नाही. मॅडमनी काचेची उभी नळी आणली. त्यात पेट्रोल घेतलं, वर मोजून थोडं पाणी घातलं, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. खाली पाण्याचा थर घातलेल्या पाण्यापेक्षा जाड झाला होता. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्यात उतरलं होतं. पोरं बघत राहिली.

"मॅडम, मग हे चांगलं का वाईट?" एकानं विचारलं.

"तुझ्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते वाच. रबरी नळ्या दर सहा महिन्यांनी बघ. तीन टाक्या मोज. मग मला सांग चांगलं का वाईट." त्या पुढं म्हणाल्या, "आणि ऊस पिकतो कुठं, त्याला पाणी येतं कुठनं, ते बी मोज. ते पुस्तकात नाय."

त्यांच्या गाडीचा आकडा पुन्हा अकरावर आला. मला वाटलं, आता पुन्हा लढाई. पण त्या म्हणाल्या, "हा अर्धा किलोमीटर चोरून घेतलेला नाय, सर. पंपावर लिहिलंय, सांगून घेतायत. मला पटत नाय, ते मी उघड बोलीन. पण चोराला चोर म्हणायचं आणि बाकीच्यांशी भांडायचं, दोन्ही एकात कालवायचं नाय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी गारखेड्याचं घर भाड्यानं दिलं आणि सासूबाईंना घेऊन माहेरी गेल्या. फोन उचलायच्या नाहीत. उचलला तर म्हणायच्या, "कामात आहे, सर."

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून पाहुणे आले होते. त्यांना घेऊन अजिंठ्याला निघालो, भाड्याच्या मोठ्या गाडीतून. फर्दापूरच्या अलीकडं रस्ता एकदम तुंबला. एक मेंढ्यांचा कळप डावीकडून उजवीकडं जात होता. मेंढरं वाळलेली, बरगड्या दिसणारी, पाण्याच्या मागावर कुठून कुठं निघालेली. आमच्या पुढं एक निळी गाडी रस्त्यात आडवी लावलेली होती. तिच्यासमोर उन्हात एक बाई हात वर करून उभी होती. मॅडमच. कळप त्यांचा नव्हता. कळपवाला म्हातारा कुणी परका होता, कावराबावरा होऊन मागची जनावरं हाकत होता.

आमच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. "कोण बाई आहे ही? रस्ता काय हिच्या बापाचा आहे का?"

मॅडमनी मान वळवली नाही. हात तसाच वर.

पलीकडून घाट चढून एक बस येत होती. तिकडं उभं राहायला कुणीच नव्हतं. मी दार उघडून उतरलो, मेंढरांच्या कडेनं पळत पलीकडं गेलो आणि बसला हात केला. बसवाल्यानं ब्रेक दाबला. माझ्यापासून पाच हातांवर ती थांबली. मधून मेंढरं जात होती, दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत होते. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. ओळख पटली की नाही, चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"सर, जरा उजवीकडं सरका," त्या म्हणाल्या. "कोकरं तिकडनं येतायत."